साखळीचा ताठा

जयनगरचे रस्ते सावलीचे आहेत, पण सपाट नाहीत. १९४८ साली पायाभरणी झालेल्या बंगळुरूच्या या वसाहतीत सायकलवाल्याला चढउतारांवर सारखा गिअर बदलावा लागतो. दहा गिअरची जुनी सायकल दुरुस्त करताना लोक डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, साफ करतात, केबल नवी घालतात आणि साखळी मात्र दुकानात मिळेल ती बसवतात. गिअर नीट पडतो की नाही, हे बरंचसं तिच्यावरच ठरतं.

चक्रावरून फिरताना साखळी सहज वळायलाच हवी. प्रश्न आहे ती आडवी किती लवते याचा. डिरेलरची वरची पुली साखळीला बाजूला रेटते. साखळी ताठ असेल, तर तो रेटा थेट दात्यांपर्यंत पोचतो. लवचिक असेल, तर पुली आणि चक्र यांमधल्या मोकळ्या कड्या वाकण्यातच तो जिरतो. मग लिव्हर जास्त ओढायचा आणि गिअर पडल्यावर थोडा मागे घ्यायचा. सनटूरने १९६४ साली तिरका डिरेलर आणून हे मोकळं अंतर कमी राखलं, म्हणून त्यावर साखळीची लवचिकता कमी जाणवते.

हान्स रेनॉल्डने १८८० साली मँचेस्टरमध्ये घडवलेल्या साखळीत पिनवर अखंड बुश, म्हणजे छोटी नळी, आणि त्यावर रोलर असे. त्यामुळे सांधा आडवा फारसा हलत नसे. १९८०च्या सुमारास फ्रान्सच्या सेदिसने वेगळा बुश काढून टाकला आणि आतल्या पट्ट्यांच्या भोकांच्या कडाच वळवून त्याचं काम भागवलं. दोन कडांमधे फट राहिली. तेल आत सहज जाऊ लागलं, साखळी आडवी अधिक लवू लागली. शिमानोच्या १९८९च्या हायपरग्लाइड चक्रांवर साखळी उचलून घेणाऱ्या चढण्या कोरलेल्या होत्या, त्यामुळे तिथे लवचिक साखळीही चटकन चढते. जुन्या फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या चक्रसंचाच्या, साध्या दात्यांवर अशा चढण्या नाहीत.

आजच्या बहुतेक गिअरच्या साखळ्या बिनबुशच्याच आहेत. म्हणून निदान रुंदी जुळवावी. मागच्या पाच-सहा चक्रांसाठीची साखळी बाहेरून सुमारे ७.८ मिलिमीटर असते, नऊ चक्रांची ६.६ च्या आसपास. अरुंद साखळीला पुढचं चक्र गाठायला जास्त सरकावं लागतं. उलट एका चक्राच्या काळ्या सायकलीची रुंद साखळी इथे बसतच नाही.

झिजलेली साखळीही आडवी ढिली पडते. नव्या साखळीच्या बारा जोडकड्या बरोबर १२ इंच भरतात. पट्टी लावून पाहावं: एक-षोडशांश इंच वाढ दिसली की साखळी बदलावी, एक-अष्टमांश झाली तर फ्रीव्हीलचे दातेही तपासावेत. जुन्या यंत्राची काळजी घेणं म्हणजे त्याच्या घडणीला साजेसा भाग निवडणं. जयनगरच्या चढावर ऐन वेळी गिअर पडला, की ही निवड पायांना कळते.