संगणकाला पाण्याचा गारवा

उन्हाळ्यात कार्यक्रम जोडताना आपला संगणक तापतो, मध्येच बंद पडतो. मग कुणीतरी सुचवतं, पाण्यावर गार होणारं किट बसवा. बचतीचे पैसे घालण्याआधी आम्ही काय पाहतो, ते सांगतो.

आधी पंख्यांतली धूळ काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला. पुष्कळदा एवढ्यानंच भागतं.

पाणी उष्णता नाहीशी करत नाही. प्रोसेसरवरची उष्णता ते रेडिएटरपर्यंत नेतं, आणि तिथून पंखे ती खोलीत सोडतात. म्हणून कोंदट खोलीत महागडं किटही कमीच पडतं.

पहिलं किट कारखान्यातूनच पाणी भरून, बंद होऊन आलेलं घ्या. नळ्या स्वतः जोडायच्या किटमध्ये एक सांधा गळला, तर मदरबोर्ड जातो.

रेडिएटर साधारणपणे १२०, २४० किंवा ३६० मिलिमीटरचा मिळतो. १२० चा बहुधा चांगल्या साध्या कूलरपेक्षा फारसा सरस नसतो. कॅबिनेटमधली जागा टेपनं मोजा. आपल्या प्रोसेसरचा सॉकेट खोक्यावर लिहिलाय का, ते बघा. गळतीनं झालेलं नुकसान वॉरंटीत धरतात का, हे दुकानदाराला विचारा.

आणि किट कुठलंही घ्या, आजीबाईंच्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत आधी काढून ठेवा. यंत्र पुन्हा विकत मिळतं, तो आवाज मिळत नाही.