स्कूलबसचा संप आणि आपली धावपळ

सकाळचे सात वाजलेत. डबा भरला, मूल तयार. पण बस येणारच नाही! न्यूयॉर्क शहरात १६ जानेवारी २०१३ रोजी स्कूलबसचे चालक आणि मदतनीस संपावर गेले, तेव्हा सुमारे दीड लाख मुलांच्या घरी असेच झाले. प्रश्न त्यांच्याही पोटाचा होता: कंत्राटदार बदलला तरी जुन्या कामगारांची नोकरी टिकावी. संप महिनाभर चालला. शहराने मेट्रोकार्डे दिली. पण सात वर्षांच्या मुलाला सबवेत एकटे कसे सोडणार?

नोकरी करणाऱ्या आईवडिलांना अशा वेळी फॅमिली मेडिकल लीव्ह मिळत नाही. ती आजारपण, बाळंतपण अशा कारणांसाठी असते. भारतातून आलेले आजी-आजोबा घरी असले, तरी बहुधा गाडी चालवत नाहीत. म्हणून तयारी आधीच हवी. दोन-तीन शेजाऱ्यांशी कारपूल ठरवा. मुलाला कोण घेऊन जाऊ शकेल, त्यांची नावे शाळेत नोंदवा. एक-दोन रजा राखून ठेवा. टॅक्सीच्या पावत्या जपा. २०१३ मध्ये पात्र पालकांना हे पैसे परत मिळण्याची सोय होती. १३ वर्षांखालील मुलाच्या शाळेआधीच्या व नंतरच्या डे-केअरचा खर्च करसवलतीत बसू शकतो. आपल्या अकाउंटंटला जरूर विचारा.

आणि हो, कारपूलवाल्यांचे फोन नंबर आजच फ्रिजवर लावा!