अपडेट अडकलं? नवी डिस्क घेण्याआधी हे बघा

पावसाळ्यात मुरुडला लाइट जाते आणि लॉजच्या बुकिंगचा छोटा सर्व्हर अपडेटच्या मधेच बंद पडतो. परत चालू केला की 'डिस्कवर जागा नाही'. लगेच अलिबागला नवी डिस्क आणायला पळू नका.

उबुंटूमध्ये अपडेटची पॅकेजेस उतरून ॲप्टच्या कॅशमध्ये पडून राहतात, अर्धवट उतरलेली त्यातल्याच 'पार्शल' फोल्डरमध्ये. 'ॲप्ट क्लीन' दिलं की दोन्ही साफ. विंडोजवर आधी अपडेट सर्व्हिस थांबवा, मगच 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन'मधला 'डाउनलोड' फोल्डर रिकामा करा.

खरी गंमत पुढे आहे. उबुंटूवर कधीकधी फाइल्स उडवल्या तरी मोकळी जागा सांगणारी 'डीएफ' कमांड डिस्क भरलेलीच दाखवते, फाइल्सची बेरीज करणाऱ्या 'डीयू'चा हिशोब मात्र कमी भरतो. उडवलेली फाइल बहुतेक एखाद्या प्रोग्रामने अजून उघडी धरलेली असते! 'एलएसओएफ' ही कमांड त्या प्रोग्रामचं नाव सांगते. तो रीस्टार्ट केला की जागा सुटते.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तर 'टेम्प' फोल्डर रॅममध्येच असतो, तोही रॅमच्या निम्म्यापर्यंत. ४ जीबीच्या जुन्या मशीनवर २ जीबीत तो भरतो, डिस्क कितीही रिकामी असो.

यूपीएस नसेल तर रात्रीचं ऑटो अपडेट बंद ठेवा आणि लाइट असताना, समोर बसून चालवा.