दहा हजार बोंडं

कोरपन्याला गेलं की मैत्रिणी मला माणिकगडावर नेतात. यंदा नोव्हेंबरात तिथल्या एका मैत्रिणीच्या आईनं बेत बदलला. "किल्ला कुठी जात नाही. आधी आमचा कापूस पाहा," असं म्हणून त्यांनी आम्हा दोघींच्या कमरेला जुन्या लुगड्याच्या ओट्या बांधल्या आणि शेतात धाडलं.

आठ वाजता वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर बसून होत्या. पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटलेली, पण ओळींमधल्या तासात कोणी शिरेना. मला वाटलं, कुणाची तरी वाट पाहतायत. त्या वाट पाहत होत्या दहिवर उडण्याची. ओला कापूस ओटीत गेला तर पुढं ढिगात आतल्या आत तापतो, पिवळा पडतो. फार उशीर करूनही चालत नाही. ऊन चढलं की बोंडाच्या बुडाची पानं कडक होतात, बोट लागताच चुरतात आणि चुरा कापसाला चिकटतो. दव गेलेलं आणि पान अजून नरम, असा थोडाच वेळ मिळतो. त्या वेळात जेवढा निघेल तेवढा सगळ्यात चांगला कापूस. घड्याळ कुणाच्याच हातात नव्हतं. एका मावशीनं पान चिमटीत दाबून पाहिलं, उठली, आणि तिच्यामागे सगळ्या उठल्या.

मी शेजारचा तास धरला. माझा हात पडला की बोंडासोबत पानही येई. मावशी थांबली. "तसा नाही ओढत जी बाई. पाचही बोटं लावा, बुडापासून उचला." तिची बोटं बोंडावर फुलासारखी मिटत आणि चारही पाकळ्यांतला कापूस एका झटक्यात निघून येई, मागे रिकामी वाटी राही. खालची बोंडं आधी, मग वरची. वरची आधी वेचली तर त्यांचा कचरा खालच्या फुटलेल्या कापसावर पडतो. अळीनं खाल्लेलं, घट्ट राहिलेलं बोंड म्हणजे कवडी. ती वेगळ्या गाठोड्यात. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात घातलेला धुमाकूळ अजून सगळ्यांच्या तोंडी आहे.

त्या तासांमध्ये मराठी, तेलुगू आणि गोंडी अशा तिन्ही भाषा ऐकू येत होत्या. कोरपन्यासह हा सगळा राजुऱ्याचा भाग निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो इकडे आला आणि 1959 मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. सीमा सरकली तरी बायांचं बोलणं तिन्ही भाषांत चालूच आहे.

संध्याकाळी धुऱ्यावर काटा टांगला. मावशीचा कापूस चाळीस किलो भरला, माझा सहा. एका बोंडातून चारेक ग्रॅम कापूस निघतो, म्हणजे मावशीच्या हाताखालून त्या दिवशी दहा हजार बोंडं गेली होती. मजुरी किलोमागे दहा रुपये. तिच्या स्वच्छ कापसाला आणि माझ्या काडीकचऱ्याच्या कापसाला दर एकच. हे मला त्या क्षणी टोचलं आणि अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा भाऊ आधी वेचून ठेवलेला कापूस गाडीत भरून विकायला निघाला, तेव्हा आम्हीही चढलो. काळ्या मातीखाली इथं चुनखडी आहे, म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. कापसाच्या गाड्या आणि सिमेंटचे ट्रक एकाच रस्त्यानं जातात. सिमेंट करडं, कापूस पांढरा, आणि ताडपत्री घट्ट बांधायची काळजी कापूसवाल्यालाच.

जिनिंगच्या आवारात एकानं ओलावा मोजायच्या यंत्राचा लांब दांडा गाडीत तीन ठिकाणी खुपसला. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर हमीभाव पूर्ण मिळतो. त्यापुढे टक्क्यागणिक कपात होते आणि बारा ओलांडला की माल परत. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. आमचा आकडा नऊवर थांबला. भावानं सुस्कारा सोडला. मला मात्र धुऱ्यावर बसून दहिवर उडायची वाट पाहणाऱ्या बाया आठवल्या. यंत्र जे मोजत होतं, ते मावशीनं पान दाबून आधीच मोजलेलं होतं.

आत सरकी काढणारे रेचे धडधडत होते. चामड्याच्या रुळावर रुई ओढली जाते, सुरीच्या कडेला सरकी अडते आणि खाली गळते. शंभर किलो कापसातून रुई जेमतेम चौतीस किलो निघते, बाकी बहुतेक सरकी. तिचं पुढं तेल आणि ढेप होते. रुईची गाठ 170 किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. मावशीच्या हातानं धरलं तर बारा-तेरा दिवसांची वेचणी आणि सव्वा लाख बोंडं. गाठीवर जिनिंगचा शिक्का होता, वजन होतं, क्रमांक होता; वेचणारीचं नाव मात्र नव्हतं.

कापूस पिकवणाऱ्या वाचकांना माझं सांगणं आहे. स्वच्छ वेचणाऱ्या बाईला किलोमागे वेगळा दर द्या, आणि दहिवर उडेपर्यंत तिला धुऱ्यावर बसू द्या. ओटीसाठी सुती कापड द्या. खताच्या पोत्याची ओटी केली तर तिचे प्लास्टिकचे धागे रुईत शिरतात, ते रेच्यालाही वेगळे काढता येत नाहीत.