तारखेत वाचवा, थांब्यावर खर्च करा

न्यू जर्सीतली मुलगी पुण्याच्या आई-बाबांचं तिकीट काढायला बसते, तेव्हा तिच्यासमोरच्या यादीत सगळ्यांत वर असतं ते सगळ्यांत स्वस्त तिकीट. दोन थांबे, एकूण तीस तास, त्यात युरोपातल्या एखाद्या अवाढव्य विमानतळावर सव्वा तासात विमान बदलायचं. पस्तिशीतला माणूस हे धावतपळत निभावतो. बहात्तरीतल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी तोच सव्वा तास सबंध प्रवासातला सर्वांत धास्तीचा ठरतो. वाचलेले पैसे मग तिच्या अंगावर निघतात.

महाराष्ट्र राज्य स्थापन झालं त्याच महिन्यात, मे १९६० मध्ये, एअर इंडियाच्या बोइंग ७०७ विमानांनी लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. अटलांटिक ओलांडणं तेव्हा मोजक्यांनाच परवडायचं. आज नातवंडांच्या ओढीने तो ओलांडणारे मराठी आजी-आजोबा गावोगावी भेटतात. बाळंतपणासाठी, पदवीदान समारंभासाठी, नाहीतर नुसतंच चार महिने लेकराजवळ राहायला ते जातात. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाने पंधरा-सोळा तास किंवा त्याहून थोडे जास्त लागतात. युरोपमार्गे गेलं तर साधारण नऊ-नऊ तासांचे दोन टप्पे पडतात आणि दुसऱ्या टप्प्यात अटलांटिक येतो.

पैसे वाचवायचेच तर ते तारखेत वाचतात. अटलांटिकवरची भाडी जून ते ऑगस्ट आणि नाताळात चढतात. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत आणि थँक्सगिव्हिंगचा आठवडा सोडून नोव्हेंबरात उतरतात. पण ऐन बर्फात सत्तरीच्या माणसाला न्यूयॉर्कला नेण्यात काय हशील? मधला मार्ग आहे तो एप्रिलमध्ये जाऊन सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतण्याचा. पर्यटक व्हिसावर उतरणाऱ्यांना सहसा सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो, अर्थात शेवटचा शब्द विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा. या बेतात जाता-येता दोन्ही वेळा गर्दीचा हंगाम टळतो आणि हवाही बरी मिळते. निवृत्त माणसाला शाळेची सुट्टी नाही की कचेरीची रजा नाही. त्यामुळे मंगळवार-बुधवारचं तिकीट घेणं त्याला सहज जमतं. ज्येष्ठांसाठीची सवलत काही कंपन्या देतात, ती जरूर विचारावी. पण योग्य तारीख निवडल्याने होणारी बचत बहुतेक वेळा तिच्यापेक्षा मोठी असते.

अगदी स्वस्त तिकिटाच्या अटी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात. अटलांटिकवरच्या अनेक कंपन्यांच्या सर्वांत खालच्या भाड्यात सामानाची बॅग धरलेली नसते, आसन निवडता येत नाही आणि तारीखही बदलता येत नाही. या वयात ताप येतो, पाय मुरगळतो, सुनेची प्रसूती दहा दिवस आधी होते. तारीख बदलण्याची मुभा असलेलं तिकीट थोडं महाग पडलं, तरी घ्यावं.

थांब्याचं गणित जरा बारकाईने बघायला हवं. व्हीलचेअर मागितलेल्या प्रवाशाला विमानात आधी बसवतात, पण उतरवतात सगळ्यांच्या शेवटी. त्यातच अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून ज्येष्ठांसाठी तीन तासांचा थांबा घेणं शहाणपणाचं. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून स्वस्त प्रवास बेतण्याचा मोह तर टाळलेलाच बरा. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. शिवाय मधल्या विमानतळावर सामान ताब्यात घेण्यासाठी बाहेर पडावं लागलं, तर त्या देशाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्याला फ्रँकफर्टला विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलता येतं. पण फ्रँकफर्टहून पॅरिसला जाऊन तिथून न्यूयॉर्क गाठायचं म्हटलं, की शेंगेन क्षेत्रात प्रवेश होतो आणि अमेरिकेचा व्हिसा तिथे पुरत नाही.

अमेरिकेच्या आत विमान बदलणं आणखी कष्टाचं. पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं, सहसा पट्ट्यावरून तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा उतरवून घ्यायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवायच्या. त्यापेक्षा विमान एकदाच, तेही अमेरिकेच्या अलीकडे बदलावं आणि थेट मुलांच्या गावी किंवा गाडीने नेता येईल इतक्या जवळच्या विमानतळावर उतरावं. अबुधाबीहून जाण्याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच, विमानात बसण्यापूर्वी होते. युरोपात हीच सोय आयर्लंडमध्ये डब्लिन आणि शॅननला आहे. या विमानांतून उतरणारा माणूस अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखा बाहेर पडतो. थकून उतरल्यावर प्रश्नोत्तरं नाहीत. काही अडचण निघालीच तर ती आधीच कळते.

व्हीलचेअर म्हणजे आजारपण, असं मनात धरून अनेक आजोबा ती नाकारतात. मोठ्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत एक-दीड किलोमीटर चाल सहज होते. ज्याला एवढं चालवत नाही, त्याने संकोच न करता ती मागावी. अमेरिकेच्या १९८६ च्या आणि युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांनुसार या मदतीचे पैसे घेता येत नाहीत. निघण्याच्या निदान अठ्ठेचाळीस तास आधी कंपनीला कळवावं आणि नेमकं सांगावं: जिना चढता येतो का, आसनापर्यंत स्वतः चालता येतं का. त्यावरून मदतीचा प्रकार ठरतो. पाय धडधाकट, पण इंग्रजीची भीती असेल तर व्हीलचेअर अडवण्याऐवजी वाट दाखवणाऱ्या सहायकाची सोय विचारावी, किंवा अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ओळखीतून त्याच विमानाचा सोबती शोधावा. अशा सोबतीने गेलेल्या कितीतरी आजींची पुढे त्या घराशी कायमची ओळख झाली आहे.

आता विमानाच्या आतलं. प्रवासी विमानातला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो फार तर आठ हजार फुटांवर असतो तितका कमी होऊ शकतो. म्हणजे सिमल्याहूनही थोडं उंच. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांत तो सहा हजार फुटांच्या आसपास राखला जातो. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या माणसाला हा फरक जाणवू शकतो; त्यांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. विमानाचा प्रकार तिकिटावर लिहिलेला असतो, तो पाहण्याची सवय लावून घ्यावी. जोडप्यासाठी एअरबस ए३३० सोयीचं असतं, कारण त्यात साध्या वर्गात खिडकीकडे दोनच आसनं असतात. बहुतेक बोइंग ७७७ मध्ये तीन-चार-तीन अशी दाटी असते आणि उठायचं झालं की अनोळखी माणसाला उठवावं लागतं.

उठणं तर आवश्यकच. चार तासांहून लांब बैठ्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटलं आहे. दुप्पट होऊनही तो धोका कमीच, साधारण सहा हजारांत एक. पण वय, स्थूलपणा, आधी झालेली गुठळी किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनी तो वाढतो. लघवीला वारंवार उठावं लागेल म्हणून पाणी न पिणारे आजोबा इथे स्वतःचंच नुकसान करून घेतात. मार्गिकेकडचं आसन घ्यावं, पाणी प्यावं, तासाभराने चार पावलं टाकावीत. घट्ट मोजे डॉक्टरांना विचारूनच घालावेत. मधुमेहींनी इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावं, कारण खालच्या सामानात ते गोठून वाया जाऊ शकतं. गोळ्यांच्या वेळाही आधीच ठरवून घ्याव्यात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं.

परतीचा अटलांटिक लवकर ओलांडला जातो. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे विमानाला मागून रेटतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. ज्येष्ठांना हा वेग सोसतोच असं नाही. रात्री निघालेल्या विमानात जेवण आटोपेपर्यंत झोपेला जेमतेम चार तास उरतात. परतताना थांबा थोडा लांबला तरी चालेल. लाउंजमध्ये पैसे भरून पाय पसरता येतात आणि तो खर्च वसूल होतो. मुंबईत उतरल्यावर मध्यरात्रीच द्रुतगती मार्गाने पुण्याकडे किंवा त्याही पुढे कोल्हापूरकडे निघण्याऐवजी, नातेवाइकांकडे नाहीतर विमानतळाजवळच्या हॉटेलात एक रात्र काढावी आणि सकाळी चहा-नाश्ता करून गाडीत बसावं.