गांजा सुटल्यावर डोकं कसं उघडतं

गांजा सोडलेले बरेच जण पहिल्या पंधरा-वीस दिवसांतच पुन्हा चिलमीकडे वळतात. त्यामागे मोह असतोच, पण माझ्या मते मोहापेक्षा मोठा वाटा गैरसमजाचा असतो. डोकं हलकं होईल या आशेने माणूस सोडतो आणि घडतं उलटंच. झोप उडते, घरच्यांवर उगाच ओरडणं होतं, भरतीच्या पुस्तकाचं एक पान तीनदा वाचूनही हाती काही लागत नाही. मग तो ठरवून टाकतो की आपलं डोकं मुळातच असं आहे, गांज्याने ते निदान ताळ्यावर राहत होतं. हे खरं नाही. का खरं नाही ते एकदा कळलं, तर तो अवघड काळ काढणं बरंच सोपं जातं.

गोंदिया शहराला चिकटलेल्या कुडव्यासारख्या गावात हे कळण्याची गरज आहे. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग गोंदियावरून जातो. ओडिशाकडचा गांजा याच वाटेने पश्चिमेकडे सरकतो, आणि गाडीच्या डब्यातून गांज्याच्या बॅगा पकडल्याची बातमी इथल्या वाचकाला नवी नाही. पूर्व विदर्भात दारूवर बोललं जातं, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावरही बोललं जातं. शेजारच्या गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हे अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करतं. गांज्याबद्दल मात्र घरात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हा शंकराचा प्रसाद, याने काही होत नाही. दुसरा म्हणतो, पोरगं कायमचं वाया गेलं. शरीरात प्रत्यक्ष जे घडतं ते या दोन्हींहून वेगळं आहे.

गांज्यातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य म्हणजे टीएचसी. राफेल मेशुलाम आणि येहिएल गाओनी या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९६४मध्ये ते शुद्ध रूपात वेगळं केलं. ते मेंदूत नेमकं कुठे जाऊन बसतं, हे कळायला पुढची पंचवीसेक वर्षं गेली. मेंदूतल्या पेशींवर सीबी-१ नावाचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ते अर्थातच गांज्यासाठी घडलेले नाहीत. मेंदू स्वतःच त्यांच्यासाठी एक द्रव्य बनवतो. ते १९९२मध्ये सापडलं आणि त्याला आनंदमाइड हे नाव मिळालं. त्याचं काम आवर घालण्याचं आहे. एक पेशी दुसरीला फार जोराने संदेश पाठवू लागली, की घेणारी पेशी हे द्रव्य उलट दिशेने सोडते आणि पाठवणारीला ‘पुरे’ म्हणून सांगते. क्षणभराचं काम झालं की ते लगेच मोडून टाकलं जातं.

टीएचसी याच ग्राहकांवर जाऊन बसतं, पण लवकर हटत नाही. शिवाय ते एका वेळी सगळीकडे पोचतं. नवी आठवण तयार होते त्या भागात हे ग्राहक दाट आहेत. कपाळामागच्या भागात, जिथे बेत आखले जातात आणि लक्ष धरून ठेवलं जातं, तिथेही आहेत, आणि शरीराचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतही. रोज सकाळ-संध्याकाळ ‘पुरे, पुरे’ असा गलका होऊ लागला, की मेंदू आपले ग्राहक आत ओढून घेतो. त्यांची संख्या घटते. म्हणून पूर्वी दोन झुरक्यांत होणारं काम पुढे अख्ख्या पुडीनेही होत नाही. आणि ज्या दिवशी पुडी बंद होते, त्या दिवशी मेंदूच्या स्वतःच्या आनंदमाइडला ऐकणारेच कमी उरलेले असतात. आवर घालणारी यंत्रणा दुबळी पडलेली असते. पहिल्या आठवड्यातली चिडचिड, घाम, धडधड आणि उडालेली झोप इथून येते.

हे ग्राहक परत येतात, आणि ते मोजून पाहिलेलं आहे. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूचं विशेष चित्रण केलं गेलं. मेंदूच्या बाह्य भागात सीबी-१ ग्राहक सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. त्यातल्या काहींनी साधारण चार आठवडे गांजा पूर्ण बंद ठेवला, तेव्हा दुसऱ्या चित्रणात बहुतेक भागांतली संख्या पूर्ववत दिसली. २०१६च्या आणखी एका छोट्या अभ्यासात तर ही भरपाई दोन दिवसांतच सुरू झालेली दिसली. म्हणजे ज्या रात्री माणूस छताकडे बघत तळमळत पडलेला असतो, त्याच रात्री आत दुरुस्तीला हात लागलेला असतो. त्याला मात्र तिची काहीच जाणीव नसते, जाणवते ती फक्त तळमळ.

धानाच्या रोवणीनंतर बांधीतले पऱ्हे आठवडाभर पिवळे पडतात, तेव्हा शेतकरी ते उपटून परत नर्सरीत नेत नाही. मूळ धरायला वेळ लागतो हे त्याला ठाऊक असतं. गांजा सोडणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना तेवढंच ठाऊक असायला हवं.

आता दिवसांचा हिशेब. रोज ओढणाऱ्याला त्रास सुरू होतो पहिल्या ते तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान तो सर्वांत जास्त असतो. जेवण जात नाही, पोट बिघडल्यासारखं वाटतं, रात्री अंथरूण घामाने ओलं होतं. साधारण दोन आठवड्यांत यातलं बहुतेक ओसरतं. गांजा सोडल्यानंतरचा हा त्रास खरा असतो. त्याला मनोविकारांच्या अमेरिकन सूचीत २०१३मध्ये स्वतंत्र स्थान मिळालं. त्याआधी कित्येकांना ‘हे तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असंच ऐकावं लागलं.

झोपेचं प्रकरण मात्र लांबतं. टीएचसीमुळे स्वप्नांची झोप दबून राहते. ते सुटलं की ही झोप उसळी मारते आणि फार ठसठशीत, कधी भयंकर स्वप्नं पडतात. काहींना महिना-दीड महिना पडत राहतात. यात वेड लागण्याचं कोणतंही लक्षण नाही. हे आधी सांगितलेलं असलं की माणूस दचकून उठतो, पाणी पितो आणि परत झोपतो. सांगितलेलं नसलं तर तो घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी पुडी शोधायला निघतो.

स्मरणशक्तीचं काय? २००१मध्ये अमेरिकेत हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी अशी माणसं घेतली, ज्यांनी आयुष्यात किमान पाच हजार वेळा गांजा ओढला होता. त्यांना २८ दिवस गांज्यापासून दूर ठेवलं आणि शब्दांची यादी लक्षात ठेवायला लावली. पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशीही ही माणसं न ओढणाऱ्यांपेक्षा मागे होती. अठ्ठाविसाव्या दिवशी फरक जवळजवळ उरला नव्हता. २०१८चा एक अभ्यास १६ ते २५ वयाच्या मुलामुलींचा होता. त्यात नवं शिकून लक्षात ठेवण्याची क्षमता महिनाभर बंद ठेवणाऱ्यांमध्ये सुधारली, आणि त्यातली बरीचशी सुधारणा पहिल्याच आठवड्यात झाली. लक्ष एकाग्र करण्याच्या चाचण्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डोकं एकदम, एका सकाळी उघडत नाही. आठवण आधी परत येऊ लागते, झोप मागे राहते आणि लक्ष आपल्या गतीने येतं. अभ्यासिकेत बसलेल्या पोराने दहाव्या दिवशी दोन तास सलग वाचता येत नाही म्हणून निराश होऊ नये. वीस-वीस मिनिटं वाचावं, उठावं, पुन्हा बसावं.

लघवीच्या तपासणीत महिन्यानेही अंश सापडतो, मग डोकं साफ कसं होणार, असं काहींना वाटतं. टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडतं, हे खरं. पण तपासणीत सापडतात ते मुख्यतः त्याचे निकामी झालेले तुकडे. त्यांनी नशा येत नाही.

वयाचा प्रश्न तितका सोपा नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. त्यातल्या ज्यांनी किशोरवयात सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं सोडलं नाही, त्यांच्या बुद्ध्यंकात घट दिसली आणि पुढे सोडूनही ती पूर्ण भरून आली नाही. घरची परिस्थिती आणि इतर कारणं यात किती, यावर नंतर वाद झाला. तरी पंधरा-सोळाव्या वर्षी सुरुवात झालेल्या मुलाबाबत ‘मोठा झाला की सोडेल’ म्हणून थांबणं मला धोक्याचं वाटतं.

आपल्याकडची एक अडचण या अभ्यासांत नाही. इथे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढला जातो, आणि तो सुटला की खर्रा वाढतो. खर्ऱ्यातलं निकोटीन झोप आणखी उडवतं, आणि माणूस तो दोषही गांजा सोडण्याच्या माथी मारतो. खर्रा लगेच सुटणार नसेल तर निदान संध्याकाळनंतर तोंडात धरू नये. दुपारी चारनंतरचा चहाही टाळावा. दिवसा झोप काढू नये, सकाळी उन्हाआधी तासभर चालावं. दारूचं मात्र वेगळं आहे. गांजा एकदम बंद केला तर जिवाला सहसा धोका नसतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. दोन्ही असतील तर आधी डॉक्टर गाठावा.

पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राची सुरुवात १९८६मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी केली, तेव्हा समोर गर्दचं (ब्राउन शुगरचं) संकट होतं. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. ग्राहकांच्या मोजणीतले चार आठवडे त्यात पूर्ण सामावतात. पण घरी राहून सोडणाऱ्यालाही तोच महिना धरून चालता येतं: पैसे दुसऱ्याच्या हाती, ठरलेले मित्र आणि ठरलेला कट्टा बंद, आणि घरात निदान एकाला सगळं सांगितलेलं.

कानात आवाज येणं, कुणी मागावर आहे असं वाटणं, जगणं नको होणं, किंवा महिन्यानंतरही उदासी तशीच राहणं, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नये. कुडव्याहून गोंदियाचं केटीएस रुग्णालय जवळ आहे. २०१६मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे. टेलिमानस १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं, आणि व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे. पोलिसांच्या भीतीने काही जण दवाखान्यात जात नाहीत. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ अशांसाठीच आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून शासकीय किंवा शासनमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि त्याने तो पूर्ण केला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: किती वर्षांपासून, दिवसाला किती, शेवटचं कधी ओढलं, आणि सोबत दारू, खर्रा किंवा कोणत्या गोळ्या चालू आहेत.