गाडीचा घसारा कुणाच्या खात्यावर?

मी कादंबऱ्या लिहितो म्हणून लोक अधूनमधून विचारतात, की कल्पित लिहिण्याचे वळण कुठे लागले? खरे सांगायचे तर लिहिण्याचे कुठे लागले ते आठवत नाही. पण वाचण्याचे वळण बँकेत लागले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावरून जे कल्पित वाङ्मय गेले, त्यातला मोठा भाग प्रवासखर्चाच्या बिलांचा होता. तारीख, कुठून, कुठे, प्रयोजन, किलोमीटर, दर, रक्कम असे सात रकाने. ‘प्रयोजन’ या रकान्यात माणसाची प्रतिभा दिसे आणि ‘किलोमीटर’ या रकान्यात त्याचा स्वभाव.

हसण्यावारी नेण्यासारखा विषय आहे, आणि कचेऱ्यांमधून तो हसण्यावारीच नेला जातो. स्वतःची गाडी, स्वतःचे पेट्रोल, काम मात्र मालकाचे. मग खर्च मागायचा किती आणि द्यायचा किती? टीए बिल म्हटले की फुगवलेले किलोमीटर, असे आपले एक ठाम मत असते. फुगवणारे होते, नाही असे नाही. परंतु मी पाहिलेल्या बहुतेक बिलांचे दुखणे उलटे होते. खर्च झालेला असे आणि तो लिहायला रकानाच नसे.

मी १९८४ साली बँकेत लागलो आणि १९८८ मध्ये शेती अधिकारी म्हणून गुहागर तालुक्यातल्या एका शाखेत गेलो. १९६९ मध्ये चौदा आणि १९८० मध्ये सहा बँका सरकारच्या ताब्यात आल्यानंतर खेडोपाडी शाखा निघाल्या होत्या. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सगळ्या तालुक्यांना लागू झाला होता. म्हशी, शेळ्या, शिलाई यंत्रे, मच्छीमारांच्या होड्या, आंब्याच्या बागा, सगळ्यांना कर्ज. कर्ज देण्यापूर्वी जागेवर जाऊन पाहणी आणि दिल्यानंतर ठरावीक काळाने तपासणी, असा दंडक. तो दंडक योग्यच होता. फक्त जायचे कशाने, हे त्यात सांगितलेले नव्हते.

आमच्या शाखेला जीप नव्हती. एसटी होती, पण ती सकाळी मुंबईकरांच्या गाठोड्यांसह निघे आणि संध्याकाळी परते; मधल्या वाड्यांवर तिला वळायला जागाही नसे. तेव्हा शेती अधिकाऱ्याने मोटारसायकल घ्यावी, बँक त्यासाठी कमी व्याजाने कर्ज देईल आणि महिन्याला ठरावीक लिटर पेट्रोलचे पैसे पावत्या पाहून देईल, अशी व्यवस्था. कागदावर चोख. लिटरची ती मर्यादा ज्याने ठरवली, त्याने बहुधा सोलापूरसारखा सपाट जिल्हा डोळ्यांपुढे ठेवला असावा. कोकणात दोन गावांमधले अंतर नकाशावर एक बोट असते आणि रस्त्याने चार बोटे, कारण मध्ये एक तर डोंगराची सोंड येते, नाही तर खाडी.

खाडीचा किस्सा सांगतो. शाखेने कर्ज दिलेली एक मच्छीमार होडी दुरुस्तीसाठी पलीकडे दाभोळला लागली होती. ती पाहून यायची होती. मी मोटारसायकलने धोपाव्यापर्यंत गेलो, गाडी एका घराच्या पडवीत ठेवली आणि तरीने पलीकडे जाऊन काम करून आलो. बिलात तरीचे भाडे लावले. तपासनीस आले, त्यांनी पावती मागितली. तरवाल्याकडे पावतीपुस्तक कुठून असणार? मी म्हटले, ‘साहेब, पावती हवी असेल तर चिपळूण, खेड, दापोली करून दाभोळला जावे लागेल. जाताना शंभराहून जास्त किलोमीटर आणि येताना तेवढेच. पेट्रोलच्या पावत्या भरपूर मिळतील.’ ते म्हणाले, ‘तसे केले असते तर जवळचा मार्ग का घेतला नाही, अशी हरकत मी काढली असती.’ माणूस प्रामाणिक होता. नियम त्याने लिहिलेला नव्हता, त्याला फक्त पाळायचा होता. हरकत तीन महिने उघडी राहिली आणि मग कुणीतरी वर बसून ती मिटवली. २००३ मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. तीत गाडी चढते आणि तिकीटही मिळते.

पण दुसरी गोष्ट किस्सा म्हणून सांगता येत नाही. शाखेत रुजू झाल्यावर मी तपासणीची नोंदवही चाळत होतो. माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांच्या अक्षरात एकाच दिवशी, तालुक्याच्या दोन टोकांच्या वाड्यांतल्या बावीस तपासण्या होत्या. त्यात एका बाईच्या नावापुढे लिहिले होते, ‘म्हैस सुस्थितीत, दूध चालू.’ पुढल्या सहामाहीत पुन्हा तेच शब्द. खाते मात्र थकलेले, आणि बाईंना नोटिसा गेलेल्या. मी वाडीवर गेलो. शेवटचा टप्पा पायीच. बाई अंगणात भात वाळवत होत्या. बँकेतून आलो म्हटल्यावर त्यांनी पाट दिला, गुळाचा खडा आणि पाणी दिले, आणि म्हणाल्या, ‘म्हस जाऊन दोन पावसाळे झाले की, साहेब. मी सांगितलं होतं ग्रामसेवकांना. तुमचं कोण आलंच नाय.’ मग आत जाऊन त्यांनी मिसरीची डबी आणली. तीत म्हशीच्या कानातला विम्याचा बिल्ला होता. बिल्ला सांभाळून ठेवायचा, एवढे त्यांना कुणीतरी सांगितले होते आणि तेवढे त्यांनी केले होते. पण त्यासोबत लागतो तो पशुवैद्याचा दाखला आणि वेळेत दिलेली खबर. ते बघायला बँकेचे माणूस जावे लागते, आणि ते गेले नव्हते. विम्याची मुदत केव्हाच टळली होती.

माझ्या आधीचे ते अधिकारी लबाड नव्हते. त्यांच्या पेट्रोलच्या पावत्या मी पाहिल्या. बहुतेक महिन्यांत अठरा-एकोणीस तारखेलाच मर्यादा संपलेली. पुढचे दहा-बारा दिवस एक तर पदरचे पेट्रोल जाळायचे, नाही तर टेबलावर बसून वही पुरी करायची. पहिली काही वर्षे त्यांनी पदरचे जाळले असणार. दोन मुले आणि गावाकडे आई असलेला माणूस ते किती दिवस करील? पेट्रोल तेव्हा लिटरला दहा रुपयांच्या आत होते. महिन्याला पाच-सहा लिटर वाचवण्यासाठी बँकेने, आपल्याला नकळत, खोटी नोंद विकत घेतली होती. त्या बाईंचे खाते १९९० च्या दहा हजारांपर्यंतच्या कर्जमाफीत मिटले. म्हणजे म्हशीचे पैसे शेवटी सरकारी तिजोरीतून गेले, आणि बाईंची म्हैस गेली ती गेलीच.

आता यातला खरा गमतीचा भाग. त्याच टेबलावर, त्याच सुमारास, माझ्याकडे रिक्षा आणि टेंपोच्या कर्जाचे अर्ज येत. अर्जदाराकडून आम्ही प्रकल्प अहवाल मागत असू. त्यात उत्पन्नाच्या बाजूला भाडे आणि खर्चाच्या बाजूला पेट्रोल, ऑइल, टायर, दुरुस्ती, विमा, कर, चालकाचा पगार आणि शेवटी घसारा. एखाद्या बिचाऱ्याने नुसते पेट्रोल धरून नफा दाखवला, की आम्ही अर्ज परत करत असू. ‘अहो, गाडी म्हातारी होणार नाही का? पाच वर्षांनी दुसरी घ्यायची तर पैसे कुठून आणाल?’ हे व्याख्यान मी शंभरदा तरी दिले असेल. आणि व्याख्यान संपल्यावर बाहेर येऊन जी मोटारसायकल सुरू करायची, तिच्या बाबतीत माझ्याच बँकेचे म्हणणे असे, की तिला फक्त पेट्रोल लागते.

पुढे शाखाधिकारी झाल्यावर मी जुनी मारुती ८०० घेतली, तेव्हा हा हिशेब आणखी ठळक झाला. पेट्रोल हा गाडीचा सर्वांत बोलका खर्च आहे. तो रोज खिशातून जातो, म्हणून दिसतो. टायर दोन-तीन वर्षांनी बोलतो. क्लच-प्लेट घाटात बोलते. घसारा मात्र गाडी विकायच्या दिवसापर्यंत तोंडच उघडत नाही. आकडेच मांडू. समजा, सहा लाखांची गाडी एक लाख किलोमीटर चालवून दोन लाखांना विकली. किलोमीटरमागे चार रुपये तिथेच गेले. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी लिटरला पंधरा किलोमीटर धावते असे धरले तर सात रुपये. वीस हजारांचे टायर चाळीस हजार किलोमीटर टिकले तर पन्नास पैसे. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा विमा पंधरा हजार आणि देखभाल आठ हजार धरली, तर आणखी दोन रुपये तीस पैसे. बेरीज तेरा रुपये ऐंशी पैसे. पेट्रोलची पावती पाहून पैसे देणारा मालक यातले सात देतो आणि आपण पूर्ण भरपाई केली अशा समाधानात झोपतो. उरलेले सहा रुपये ऐंशी पैसे नोकराने मालकाला दिलेले बिनव्याजी, परतफेड नसलेले कर्ज.

यावर वरिष्ठांचे उत्तर ठरलेले असे. ‘गाडीला स्वस्त कर्ज आम्हीच दिले ना? आणि रविवारी वहिनींना घेऊन वेळणेश्वरला कोण जाते?’ दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे. गाडी दोघांची असते, घरचीही आणि कचेरीचीही, आणि म्हणूनच दर किलोमीटरवर ठरायला हवा. रविवारचे किलोमीटर बिलात नाहीत, तर त्यांचा घसाराही नाही. पहिल्या प्रश्नात मात्र तथ्य नाही. स्वस्त असले तरी ते कर्ज होते, आणि त्याचा हप्ता माझ्या पगारातून कापला जात होता.

हे गणित कुणाला सुचत नाही असेही नाही. अमेरिकेचे प्राप्तिकर खाते दरवर्षी मैलाचा दर जाहीर करते. २०२५ साठी तो ७० सेंट होता आणि त्यातले ३३ सेंट घसाऱ्यापोटी धरलेले होते. म्हणजे जवळपास निम्मे. ब्रिटनने २०११ मध्ये वर्षाच्या पहिल्या दहा हजार मैलांसाठी मैलाला ४५ पेन्स ठरवले आणि पुढे दहा वर्षे उलटून गेली तरी पेट्रोल कितीही चढो-उतरो, आकडा जागचा हलला नाही. तेव्हा साहेबाच्या देशातही सगळे आलबेल आहे असे समजू नये. आपल्या केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ मध्ये, जिथे राज्याचा दर ठरलेला नाही तिथे दौऱ्यासाठी स्वतःच्या मोटारीला किलोमीटरमागे २४ रुपये आणि स्कूटरला १२ रुपये मान्य केले, आणि महागाई भत्ता पन्नास टक्क्यांनी वाढला की दरही वाढावा अशी तजवीज केली. सरकारी कागदात इतकी शहाणी ओळ क्वचित सापडते. पण हा दर दौऱ्यावर जाणाऱ्या, ज्यांची नेमणूक पक्की त्यांच्यासाठी. उन्हातान्हात वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या आशाताई सरकारी हिशेबात कर्मचारीच नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो. आणि आपल्या दारात जेवणाचा डबा घेऊन येणारा मुलगा तर स्वतःच्या मोटारसायकलचा मालक म्हणून ‘भागीदार’ ठरतो. त्याने कधी प्रकल्प अहवाल मांडला, तर घसाऱ्याच्या ओळीपाशी त्याचा पेन थांबेल.

प्राप्तिकराचे थोडक्यात सांगतो, कारण सेवानिवृत्तांच्या कट्ट्यावर यावर फार गोंधळ असतो. घर ते कचेरी हा प्रवास कायद्याच्या दृष्टीने कामाचा नव्हे. तो तुमचा तुम्ही करायचा. त्यासाठी वाहतूक भत्त्याला महिन्याला आठशे रुपयांची सूट होती, ती २०१५ मध्ये सोळाशे झाली आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात सरसकट चाळीस हजारांच्या प्रमाणित वजावटीत विरघळून गेली. कामासाठी केलेला प्रवास वेगळा. मालकाने परत केलेला खर्च पूर्णपणे कामाचाच होता हे दाखवण्यासाठी १९६२ च्या प्राप्तिकर नियमांनी तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च यांची नोंद मागितली होती आणि वर मालकाचा दाखला. म्हणून नव्या मुलांना मी एकच सांगत असतो, की गाडीत एक वही ठेवा आणि मीटरचा आकडा निघताना लिहा, परतल्यावर नव्हे. महिनाअखेरीस आठवून लिहिलेल्या किलोमीटरला गोलाईची खोड असते. चाळीस, साठ, ऐंशी. खरा रस्ता सहसा त्रेचाळीस भरतो.

वहीचेही दिवस गेले म्हणा. आमच्या शेजारचा मुलगा औषधविक्री प्रतिनिधी आहे. चिपळूण ते कऱ्हाड त्याचा टापू. त्याला पावती, रकाने काही नाही. फोनच उपग्रहाकडून अंतर मोजतो आणि पैसे खात्यात जमा होतात. मला वाटले, सुटला बिचारा. गेल्या महिन्यात तो जिन्यात भेटला आणि म्हणाला, ‘काका, कुंभार्ली घाटात मध्ये रेंज जाते. मग फोन खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सरळ रेघ मारतो आणि तेवढ्याचेच पैसे देतो.’ त्याने कंपनीला पत्र लिहिले आहे. उत्तर येईपर्यंत तो घाटाच्या पायथ्याशी एकदा आणि माथ्यावर एकदा गाडी थांबवून मीटरचा फोटो काढतो.